शिंदीची पाच झाडं

घर दाखवायचं ते माघापासून वैशाखापर्यंत. श्रावणात दाखवायचं नाही. गिऱ्हाईक फारच मागं लागलं तर आपल्या घरी कोणाला तरी आजारी पाडायचं, पण पाऊस उघडून जमीन कोरडी झाल्याशिवाय प्लॉटवर पाय ठेवू द्यायचा नाही. आमच्या धंद्यातला हा पहिला नियम. ज्यानं शिकवला तो आता नाही. मी मात्र तो वीसेक वर्षं इमानेइतबारे पाळला. इमान हा शब्द इथं कसा वाटतो ते पुढं वाचून ठरवा.

मी गोंदियात घरांची दलाली करतो. 'दलाल' म्हटलेलं आमच्यातल्या पुष्कळांना आवडत नाही, पाटीवर 'कन्सल्टंट' लिहितात. माझ्या पाटीवर नुसतं 'पटले' आहे. संपादकांनी सांगितलं, धंद्यातल्या गमती लिहा. गमती आहेत. एक रेल्वेतून निवृत्त झालेले गृहस्थ घर बघायला आले आणि म्हणाले, "भाऊ, इथं जरा लवंडून पाहतो." रिकाम्या खोलीत वर्तमानपत्र अंथरून झोपले. मागून मालगाड्या जाताहेत, खिडक्या थरथरताहेत, मी बाहेर पायरीवर बसून गिऱ्हाईक गेलं म्हणून कपाळाला हात लावतोय. दोन तासांनी डोळे चोळत बाहेर आले. "घेतलं. दुसरं घर पाहिलं त्या कॉलनीत काहीच आवाज नाही हो, माणूस झोपणार कसा?"

बायका स्वयंपाकघरात उभ्या राहून हवेत पोळ्या लाटतात, ओट्याची उंची पाहायला. पुरुष छताकडं बघतात आणि काही कळत नसलं तरी भिंतीवर बोटानं टकटक करतात. आपण गंभीर चेहऱ्यानं शेजारी उभं राहायचं. कोरड्या दिवसांत, दुपारी चारनंतर, कलत्या उन्हात. त्या उन्हात कुठलंही घर सुखी दिसतं.

पण एवढं लिहून थांबलो तर मी पुन्हा एकदा कोरड्या दिवसांतलंच घर दाखवल्यासारखं होईल.

मुर्रीच्या रस्त्याला एक गल्ली आहे. कागदावर तिचं नाव मोठं आहे, पण लोक 'अठरा घरं' म्हणतात. या बाजूला नऊ, त्या बाजूला नऊ. दोन घरांत एकच भिंत. ऑटो आत आला की समोरून येणाऱ्या स्कूटरनं कोणाच्या तरी दारात शिरायचं. तिथल्या बायका शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या मोजून स्वतःची डाळ उतरवतात. नोकरदारांना परवडेल अशी नेटकी, छोटी घरं. त्यातली अकरा मी विकली.

त्या अठरा घरांच्या जागी पूर्वी बोडी होती. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. आमचा भाग तलावांचा. मोठा असतो तो तलाव, आणि शेतातला छोटा तो बोडी. उतारावर मातीची पाळ घालून पाणी अडवतात आणि त्यावर खालची धानाची शेती पिकते. ही बोडी कोणाच्या तरी खासगी शेतात होती. शेत विकलं गेलं. ज्या सेठनं तिथं लेआउट टाकलं त्यानं राइस मिलची राखड, म्हणजे भुशाची राख, आणून बोडी बुजवली. गोंदियात राइस मिल्स इतक्या, की राखड कोणी फुकट उचलून नेली तर मिलवाले आभार मानतात. राखडीवर हातभर मुरूम, मुरमावर रोलर, रोलरवर पूजा. कागद सगळे साफ. मी ट्रक रिकामे होताना उभा राहून पाहिले होते.

"पटलेजी, सूखे में दिखाओ, सूखे में बेचो," सेठ म्हणाले. माझ्या कामाबद्दल त्यांनी मला कोपऱ्यातला एक मोकळा प्लॉट देऊ केला. उताराच्या बाजूचा, अगदी शेवटचा. मी घेतला. पुढंमागं आपलंही घर तिथंच बांधू, असा विचार होता. म्हणजे मला सगळं माहीत असून मीही तिथं बांधणारच होतो. आपलंच खोटं आपल्याला किती पटतं, बघा.

सविताताई एसटीत कंडक्टर. गोंदिया डेपोला, बहुतेक कामठ्याच्या गाडीवर. चाळिशीच्या पुढच्या, एकट्या. गाव अर्जुनी मोरगावकडचं. घर कशाला हवं ते त्यांनी पहिल्याच वाक्यात सांगितलं, "बाबाले गावावरून आनायचं आहे. डोऱ्याईचं ऑपरेशन आहे, बीपी आहे. किरायाच्या खोलीत तो राहून नाही राहिला." घरात पोळ्या लाटून पाहिल्या नाहीत, भिंत वाजवली नाही. म्हणाल्या, "मले पसंत आहे. पन बाबानं हो म्हटलं पाहिजे."

आणि फाल्गुनात एक दिवस सोमाजीबाबा आले.

ही माणसं कोहळी. पूर्व विदर्भातले तलाव ज्यांच्या वाडवडिलांनी बांधले ती जात. पाणी कुठून येईल, कुठं थांबेल, कुठून जाईल, हे त्यांना जमिनीकडं नुसतं बघून कळायचं, असं आमच्याकडं म्हणतात. मला घाम फुटायला हवा होता. पण ऑटोतून उतरताना सविताताईंनी त्यांचा हात धरला, आणि मला दिसलं की दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला आहे. मी मनात म्हटलं, सुटलो. हो, अगदी हाच शब्द आला मनात.

सविताताई सेठच्या माणसाशी चाव्यांचं बोलत आत होत्या. म्हातारा काठी टेकत गल्लीच्या टोकापर्यंत गेला. मी बरोबर. तिथं तो थांबला आणि अनवाणी पाय जमिनीवर दोनतीनदा दाबला.

"पटलेबाबू, पायाखाली पोला लागून राहिला."

"पोकळ कुठलं बाबा, नवा मुरूम आहे. एका पावसात बसेल."

"हूं." मग त्यानं काठी बगलेत धरली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. "माह्या डोऱ्याईले उजेड दिसते, पन चीज दिसत नाही. तू माहे डोरे हो. या बाजूले पार दिसते का कोठी? मातीचा उंचवटा? त्याच्यावर सिंदीचे झाडं?"

पाळीला ते 'पार' म्हणतात. ती आमच्यापासून वीस पावलांवर होती. सेठनं तिच्यावरच कंपाउंडची भिंत उभी केली होती, आणि भिंतीपलीकडून शिंदीची झाडं डोकावत होती. पाच. मी मोजली. का मोजली, माहीत नाही.

"नाही बाबा," मी म्हटलं. "सपाट आहे. चारही बाजूला सपाट."

"झाडं?"

"एकही नाही."

त्यानं खांद्यावरचा हात उचलला नाही, दोनदा थोपटला. "तू म्हनतोस त ठीक." आणि मोठ्यानं हाक मारली, "सविता, घे वो घर!"

पहिला पावसाळा निभला. दुसऱ्या पावसाळ्यात स्वयंपाकघराची फरशी एका बाजूला बसली आणि मागच्या भिंतीला भेग पडली. एकदा गाडीत तिकीट देता देता सविताताईच बोलल्या. तक्रार म्हणून नव्हे, घरचं माणूस समजून. "पटलेभाऊ, मी भेगेत तिकीट घालून पाहाते. मांगच्या वर्षी तिकीट शिरत होतं. आता पास शिरते." आणि हसल्या. मी विचारलं, बाबा कसे आहेत? हसणं थांबलं.

"बाबा गावाले गेला. ऑपरेशन झालं, दिसाले लागलं, पन राहाले तयार नाही. म्हनते, कोहळ्याच्या पोटी जन्मलो अन् लेकीले पान्यावर बसवलं. डोरे गेले होते त गेले, पायाची अक्कलही गेली. माह्या घरचं पानीही पीत नाही. येते, दारात बसते, चालला जाते."

"मिस्त्रीचं काम कच्चं असेल," मी म्हटलं.

"तेच मी म्हटलं. ऐकत नाही."

त्यानंतर मी कामठ्याला मोटरसायकलनं जाऊ लागलो. बायकोनं विचारलं, गाडी असताना पेट्रोल काऊन जाळता? मी म्हटलं, गाडीत गर्दी असते. गर्दी एकाच माणसाची होती.

माणसं दुसऱ्याला दोष देतात ते सोसतं. घर खराब निघालं की दलालाला शिव्या बसतात, हे धंद्यात धरलेलंच असतं. पण हा म्हातारा मला शिवी देत नव्हता. मी केलेल्या चुकीसाठी तो स्वतःलाच शिक्षा करत बसला होता, आणि मला ते माहीत होतं. असं आणखी दोन वर्षं चाललं. मी घरी कमी बोलू लागलो. तसा मी आधीही फार बोलत नसे, त्यामुळं कोणाच्या लक्षात आलं नाही.

मग माघात एक दिवस सविताताई माझ्या ऑफिसात आल्या. खाकी ड्रेसमध्येच, ड्यूटी संपवून.

"घर विकाचं आहे. ज्याच्यासाठी घेतलं तोच राहात नाही. तुम्हीच दिलं, तुम्हीच विका."

माझ्यातला दलाल माझ्या आधी बोलला. "हरकत नाही. आता सीझनच आहे. फक्त त्या मागच्या भिंतीवर एक मोठं कॅलेंडर लावून घ्या."

"कॅलेंडर कायले?"

"भेग झाकायला. सगळेच लावतात."

त्या माझ्याकडं पाहत राहिल्या. रागानं नाही. गाडीत एखाद्यानं चुकीच्या गावाचं तिकीट मागितलं तर पाहतील तशा. "नाही जी. भेग दिसली पाहिजे. जो घेईल त्याले माहीत पाहिजे का तो काय घेऊन राहिला. भाव कमी येईल तं येऊ द्या."

त्या गेल्यावर मी शटर खाली ओढलं आणि आतच बसून राहिलो. दुसऱ्या दिवशी सकाळी अर्जुनीची गाडी पकडली.

सोमाजीबाबा गावच्या तलावाच्या पाळीवर बसलेला होता. पाणी खूप खाली गेलेलं. मी जवळ गेलो तशी त्यानं मान वर केली.

"कोन होय?"

"पटले. गोंदियाचा. घर दाखवलं होतं तो."

त्यानं मला वरून खाली न्याहाळलं. "अरे! आवाजावरून मी तुले जवान समजत होतो. तू त पांढऱ्या केसाईचा निघाला." सरकून जागा दिली. "बस. पोरगी बरी आहे ना?"

मी बसलो नाही. बसून बोलता आलं नसतं. जे होतं ते उभ्यानंच एका दमात सांगितलं. बोडी, राखड, पाळ, झाडं. पाच होती, हेही.

तो मग म्हणाला, "पुन्हा सांग."

"बाबा, तुम्ही विचारलं पाळ दिसते का. दिसत होती. मी नाही म्हटलं."

"सिंदी?"

"होती."

"अन् पायाखाली पोला लागला तो?"

"तुमचं बरोबर होतं. राखड आहे खाली."

म्हाताऱ्यानं मांडीवर थाप मारली. इतक्या जोरात, की खाली पाण्याकाठचा बगळा उडाला. "म्हनजे माहे पाय बरोबर बोलत होते! मीच त्याईचं ऐकलं नाही. तुह्यं ऐकलं, लबाडा!" आणि तो हसायला लागला. हसता हसता डोळे पुसायला लागला. पुसता पुसता मला शिव्या द्यायला लागला. त्या इथं छापता येणार नाहीत. पण काय सांगू, इतक्या वर्षांत मला ऐकायला इतकं बरं वाटणारं काही कोणी बोललं नव्हतं. त्याची अक्कल त्याला परत मिळाली होती, आणि दोष ज्याचा होता त्याच्या, म्हणजे माझ्या, माथ्यावर आला होता.

दम लागल्यावर तो थांबला. "सविताले सांगितलं का?"

"तुम्ही सांगाल तर..."

"मी काऊन सांगू? खोटं तू बोलला. तोंड तुह्यं आहे."

त्याच दिवशी परतीच्या गाडीत आम्ही शेजारी शेजारी बसून आलो. तिकीट त्यानं मला काढू दिलं नाही.

सविताताईंनी दार उघडलं. बापाला पाहून त्यांचा चेहरा खुलला, मला पाहून त्या गोंधळल्या. मी उंबऱ्याबाहेर उभं राहून तेच सगळं पुन्हा सांगितलं. दुसऱ्यांदा सोपं जाईल असं वाटलं होतं. गेलं नाही. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. शिवी दिली नाही, आवाज चढवला नाही.

"तीन वर्षं बाबा या घरात जेवला नाही, पटलेभाऊ," एवढंच म्हणाल्या आणि आत गेल्या. थोड्या वेळानं आतून ताट ठेवल्याचा आवाज आला. एकाच ताटाचा. म्हातारा मला दारात सोडून आत जाऊन जेवायला बसला.

दुसऱ्या दिवशी त्यानं मला बोलावणं पाठवलं. गल्लीच्या टोकाला, त्याच जागी उभा होता.

"डोरे झाक."

"बाबा?"

"झाक म्हनतो ना. त्या दिवशी तू माहे डोरे झाला होता. आज मी तुहे होतो."

मी डोळे मिटले. त्यानं माझं मनगट धरलं आणि चालवायला लागला. "ही पार. याहून तिकडं जाते. हे झाडं. एक, दोन, तीन, चार, पाच, बरोबर. वरून पानी अजून येते. बोडी बुजली हे त्याले कोनी सांगितलं नाही. येते अन् राखडीत मुरून बसते, जाले वाट नाही. आता, पार ज्यानं बांधली तो काही येडा नव्हता. पानी सोडाची जागा त्यानं ठेवली असंल. सगळ्यात खोल जागी." काठी कशावर तरी आपटली, एकदा, दोनदा. मग आवाज बदलला. "इथं. सेठनं भिंत घालून हेच तोंड बुजवलं. उघड डोरे. हा प्लॉट कोनाचा आहे?"

मी डोळे उघडले. माझा होता.

पुढचं झटपट सांगतो, कारण ते काम झालं आणि झालेल्या कामाबद्दल लिहायला मला जमत नाही. रविवारी गल्लीत सगळे जमले आणि मी अठराही घरांना सांगितलं. सात नंबरच्या वहिनींनी माझ्या हातातला चहाचा कप काढून घेतला. अर्धा प्यालो होतो. एक मास्तर आहेत, ते अजूनही मला बघून रस्ता बदलतात, आणि त्यांचं बरोबर आहे. सेठचा फोन आला, "पटलेजी, पागल हो गए क्या?" त्यांच्याकडून मिळणारं काम तेव्हापासून बंद. कोर्टकचेरीची धमकी दोन्हीकडून झाली. पण म्हातारा रोज सकाळी काठी घेऊन भिंतीशी येऊन बसायचा आणि म्हणायचा, "भांडन दिवारीच्या सनापर्यंत चालू ठेवा, पन पानी आसाडात येईल." शेवटी भिंत तेवढ्यापुरती फोडली. जुनं तोंड सापडलं, दगडांचं, माती भरलेलं. गल्लीपासून त्या तोंडापर्यंत माझ्या प्लॉटच्या मधोमध नाली खोदली आणि ती भिंतीपलीकडच्या नाल्याला जोडली. नालीच्या दोन्ही अंगांना जी जागा उरली तिच्यावर घर होत नाही. सोमाजीबाबानं तिथं वांगी आणि वाल लावले आहेत, मला न विचारता.

त्या पावसाळ्यात आम्ही सगळे दारात उभे राहून बघत होतो. वरून लोंढा आला आणि गेला. दुसऱ्या दिवशी गल्ली कोरडी. पाऊस सरल्यावर सविताताईंनी फरशी उखडून खालून नीट ठोकून घेतली, आणि पास घालून पाहिला. भेग जिथं होती तिथंच थांबली होती. तेव्हाच ती भरली. घर विकायचं त्यांनी परत काढलं नाही. हे मला सोमाजीबाबानं सांगितलं. सविताताई माझ्याशी बोलत नव्हत्या.

आता मी श्रावणात घरं दाखवतो. गिऱ्हाइकाला म्हणतो, चप्पल काढा, पाय ठेवून बघा. धंदा निम्म्यावर आला आहे. बायको म्हणते, तुम्ही घोरायला लागलात. इतकी वर्षं घोरत नव्हतो, म्हणजे झोपतच नव्हतो की काय, कोण जाणे.

मोटरसायकल विकून टाकली. कामठ्याला गाडीनंच जातो. वर्षभर दर खेपेला तेच. मी म्हणायचो, "कामठा, एक." सविताताई मशीनमधून तिकीट फाडून द्यायच्या, सुटे परत करायच्या आणि पुढं सरकायच्या. माझी तक्रार नव्हती. मला तिकीट मिळत होतं.

गेल्या महिन्यात भरपावसात गाडी लागली. मी चढलो, तिकीट घेतलं, रुमालानं डोकं पुसत मागच्या खिडकीच्या सीटकडं गेलो. रिकामी होती, वरून कोरडीही दिसत होती. बसणार तोच मागून आवाज आला.

"पटलेभाऊ."

मी वळलो. त्या दुसऱ्या कोणाचं तिकीट काढत होत्या, माझ्याकडं पाहत नव्हत्या.

"तिथं नका बसू. गाडी चालू झाली का वरून गळते."

मी पुढच्या सीटवर बसलो.